हट्ट एकाचा, पैसे दुसऱ्याचे: गेम कन्सोलच्या जाहिराती कुणाशी बोलतात?

2006 सालची एक जाहिरात आहे. सुटाबुटातले दोन जपानी गृहस्थ एका चिमुकल्या गाडीतून येतात, अनोळखी घराच्या दारात उभे राहतात आणि कमरेत वाकून एक पांढरा रिमोट पुढे करतात. ‘वी वुड लाइक टू प्ले.’ ‘वी’ हे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या नव्या कन्सोलचं, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचं नाव, आणि इंग्रजीत कानाला ऐकू येतं ते ‘आम्ही’. म्हणजे, आम्हाला तुमच्याबरोबर खेळायचंय. पुढच्या काही सेकंदांत घरातली सगळी मंडळी टीव्हीसमोर हात हवेत फिरवताना दिसतात.

यातला तो रिमोट जरा जवळून बघा. आधीच्या कन्सोलचे कंट्रोलर दोन्ही हातांत धरायचे असत. दोन-दोन दांडे, डझनभर बटणं. ज्याला सवय नाही त्याने हातात घेतला की तो लगेच मुलाकडे परत द्यायचा. वीचा रिमोट मुद्दाम टीव्हीच्या रिमोटसारखा केला होता, कारण तो कसा धरायचा हे आजीलाही ठाऊक असतं. आणि ते दोघं मुलाच्या खोलीत डोकावत नाहीत, घराच्या दाराशी रीतसर येऊन विचारतात. दार उघडणारा आणि पैसे मोजणारा माणूस बहुधा एकच असतो, हे जाहिरात करणाऱ्यांनी ओळखलं होतं.

कन्सोलच्या जाहिरातीची मेख इथेच आहे. साबण ज्याला हवा तोच तो विकत घेतो. कन्सोलचं तसं नाही. हवा असतो एकाला, खिसा रिकामा होतो दुसऱ्याचा. म्हणून एकाच जाहिरातीला दोन कामं करावी लागतात. मुलाच्या मनात हौस पेटवायची, आणि मोठ्याच्या हाती एक सबब द्यायची, म्हणजे ‘घेऊन टाकू’ म्हणताना त्याला ओशाळं वाटणार नाही. गेल्या पन्नास वर्षांतल्या जाहिराती एकापाठोपाठ एक बघितल्या तर हौस साधारण तीच दिसते. बदलत जाते ती सबब.

आधी थोडा हिशेब समजून घेऊ, म्हणजे या जाहिरातींवर एवढा पैसा का ओततात ते कळेल. कन्सोलचा डबा विकून कंपनीला फारसं काही मिळत नाही. बऱ्याचदा खिशातूनच घालावे लागतात. 2021 मध्ये अमेरिकेत गेम बनवणारी एपिक ही कंपनी आणि अॅपल यांच्या खटल्यात साक्ष देताना मायक्रोसॉफ्टच्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी सरळ सांगितलं की एक्सबॉक्सचा डबा आम्ही तोट्यात विकतो. कमाई येते नंतर. गेम दुसऱ्या कुणी बनवला तरी विक्रीतला ठरावीक वाटा कन्सोलवाल्याचा. त्यावर महिन्याची वर्गणी, जादा कंट्रोलर, गेममधल्या गेममध्ये विकत घ्यायचे पोशाख. थोडक्यात, डबा ही तुमच्या टीव्हीखाली मांडलेली दुकानाची शाखा आहे आणि जाहिरात तुमच्याकडे त्या शाखेसाठी जागा मागत असते. मोठ्यांचा होकार एकदा मिळाला की पुढची पाच-सहा वर्षं मागणी करायला मूल घरात आहेच.

घरात टीव्हीला जोडायचा पहिला कन्सोल म्हणजे 1972 चा मॅग्नावॉक्स ओडिसी. पडद्यावर दिसायचे ते पांढरे ठिपके आणि एक रेघ, एवढंच. पण खोक्यात काय काय होतं! फासे, खोट्या नोटा, पत्ते, आणि टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत पारदर्शक कागद. घरच्यांनी गोल करून बसायचे बैठे खेळ लोकांना माहीत होते, म्हणून नव्या यंत्राला त्यांचाच वेश चढवला. गंमत अशी की हे यंत्र मॅग्नावॉक्सच्याच दुकानांत विकलं जायचं आणि जाहिरातीही अशा होत्या, की याला मॅग्नावॉक्सचाच टीव्ही लागतो असा अनेकांचा समज झाला. तो खरा नव्हता. घेणाऱ्याला एखादा मुद्दा स्पष्ट सांगितला नाही की तो स्वतःच उत्तर शोधतो आणि बहुतेक वेळा ते विक्रेत्याला महागात पडतं. पुढे निन्टेंडोनेही हाच धडा फी भरून घेतला, त्याकडे येतोच.

1975 मध्ये अटारी कंपनीचा पाँग हा घरच्या टीव्हीवर खेळायचा गेम सीअर्स या अमेरिकी दुकानसाखळीने विकायला घेतला, तो खेळणी विभागाने नव्हे तर क्रीडासाहित्य विभागाने. म्हणजे सुरुवातीची दहा-एक वर्षं ही वस्तू लहान मुलांची आहे असं कुणी ठरवलंच नव्हतं. घरगुती संगणक बनवणारे तर मुलांना बाजूला सारून थेट आईबापांनाच गाठत. 1982 च्या सुमाराला कमोडोर व्हिक-20 च्या जाहिरातीत अभिनेता विल्यम शॅटनर विचारायचा, नुसता व्हिडिओ गेम कशाला घेता? त्याच पैशात संगणक येतोय, मुलं शिकतील. शिकणं ही सबब मग किती घरांत चालली असेल! संगणक आला आणि त्यावर गेमच खेळले गेले, हे वेगळं सांगायला नको.

मग 1983 मध्ये अमेरिकेतला बाजार कोसळला. सुमार गेमांचा पूर आला, दुकानांत माल पडून राहिला आणि सुमारे तीन अब्ज डॉलरची उलाढाल दोनच वर्षांत दहा कोटींच्या घरात आली. ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द काढला तरी दुकानदार हात झटकत. या वातावरणात 1985 च्या ऑक्टोबरात निन्टेंडो न्यूयॉर्कमध्ये उतरली आणि तिने केलेली चलाखी मला अजूनही या धंद्यातली सर्वांत देखणी वाटते. यंत्राला कन्सोल म्हणायचं नाही, ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’ म्हणायचं. कार्ट्रिजला ‘गेम पॅक’. यंत्र वरून भरायचं नाही, व्हीसीआरसारखं पुढून. आणि सोबत एक यंत्रमानव, नाव रॉब.

रॉब म्हणजे राखाडी प्लॅस्टिकचा छोटा पुतळा. मोठे डोळे, दोन हात, हळूहळू कमरेत वळणारा. टीव्हीच्या पडद्यावर ठरावीक पद्धतीने उजेड चमकला की त्याच्या डोळ्यांना तो कळायचा आणि तो भोवरा उचलून दुसरीकडे ठेवायचा. इतका संथ, की मूल कंटाळून स्वतःच्या हाताने भोवरा ठेवून मोकळं व्हायचं. त्याच्यासाठी गेम निघाले अवघे दोन. खेळणं म्हणून रॉब अगदीच सामान्य होता. पण त्याचं खरं काम खेळणं हे नव्हतंच. खेळण्यांच्या दुकानदाराला ‘हे खेळणं आहे, ते व्हिडिओ गेम नव्हे’ असं म्हणता यावं, यासाठी तो होता. त्या जोडीला न विकलेला माल परत घेण्याची हमी. फळीवर जागा मिळाली, रॉबचं काम संपलं, आणि थोड्याच काळात तो जाहिरातींतून गायब झाला.

या यशाची एक किंमत मात्र नंतर बरीच वर्षं मोजावी लागली. खेळण्यांच्या दुकानात मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी. कन्सोल मुलांच्या रांगेत जाऊन बसला. पाँगच्या वेळी अख्खं कुटुंब दाखवणाऱ्या जाहिरातींत आता फक्त मुलगे दिसू लागले. हातात घ्यायच्या कन्सोलचं नावच 1989 मध्ये ‘गेम बॉय’ ठेवलं गेलं.

निन्टेंडोने मुलांना गाठायच्या वाटाही नव्या शोधल्या. 1988 मध्ये कंपनीने स्वतःचं मासिक काढलं. आत गेमचे नकाशे, युक्त्या आणि येणाऱ्या गेमची चित्रं. खरं म्हणजे ही पानंच्या पानं जाहिरात, पण मुलं वर्गणी भरून मागवत होती. पुढच्या वर्षी एका सिनेमाच्या शेवटच्या स्पर्धेत सुपर मारिओ ब्रदर्स 3 हा गेम झळकला, अमेरिकेतल्या दुकानांत येण्याच्या काही आठवडे आधी. मूल तिकीट काढून जाहिरात बघून आलं आणि घरी येऊन हट्ट धरून बसलं.

आता हट्टाबद्दल. मुलांच्या जाहिरातींत एक जुनी रीत आहे: आठ वर्षांच्या मुलाला वस्तू विकायची तर पडद्यावर दहा-अकरा वर्षांचा मुलगा दाखवा. कोणत्याही मुलाला आपल्या वयाचं दिसायचं नसतं, थोरल्या भावासारखं दिसायचं असतं. निन्टेंडोची प्रतिस्पर्धी कंपनी सेगा हिने आपल्या जेनेसिस या कन्सोलसाठी ही रीत शस्त्रासारखी वापरली. ‘जेनेसिस डझ व्हॉट निन्टेंडोन्ट’, निन्टेंडोला जमत नाही ते जेनेसिस करतो, अशी घोषणा 1990 च्या सुमाराला आली आणि तिचा खरा अर्थ होता, मारिओ लहानांसाठी. पुढे ‘ब्लास्ट प्रोसेसिंग’ नावाचं काहीतरी जेनेसिसमध्ये आहे असा डंका पिटला गेला. यंत्रात एका तांत्रिक करामतीची सोय होती खरी, पण जाहिरातीत ऐकू यायचं त्याचा गेमशी फारसा संबंध नव्हता. शाळेच्या मधल्या सुट्टीत मात्र तो शब्द चालला. दोन मुलांच्या भांडणात फेकायला एक शब्द पुरवणं, हे जाहिरातीचं मोठंच यश म्हणायचं.

आणि मग रक्त. 1993 च्या सप्टेंबरमध्ये मॉर्टल काँबॅट हा मारामारीचा गेम दोन्ही कंपन्यांच्या कन्सोलवर आला. निन्टेंडोच्या आवृत्तीत मार बसल्यावर राखाडी घाम उडायचा. सेगाच्या आवृत्तीत बटणांचा एक क्रम दाबला की रक्त. सेगाची आवृत्ती जास्त खपली. त्याच डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली, कंपन्यांनी एकमेकींवर बोटं दाखवली आणि 1994 मध्ये गेमवर वयाचे शिक्के मारणारी यंत्रणा, ईएसआरबी, उद्योगाने स्वतःच उभी केली. युरोपात अशीच यंत्रणा, पेगी, 2003 मध्ये आली.

शिक्का पालकांसाठी होता, पण तो मुलंही वाचत होती. ‘सतरा वर्षांवरील’ हे शब्द बारा वर्षांच्या मुलाला इशारा वाटत नाहीत, निमंत्रण वाटतात. कंपन्यांनाही ते माहीत होतं. ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने 2000 मध्ये हिंसेसाठी ‘मॅच्युअर’ शिक्का असलेले 118 गेम तपासले. त्यांपैकी 83 गेमची जाहिरात सतराच्या आतल्या मुलांना उद्देशून केलेली निघाली. खोक्यावर एक वय, आणि जाहिरात दुसऱ्याच वयाला. हे एखाद्या कर्मचाऱ्याच्या नजरचुकीने झालं असं म्हणायला जागा नव्हती.

मोठ्यांना मुलांच्या आडून नाही, तर थेट त्यांच्यासाठीच कन्सोल विकणं पहिल्यांदा नीट जमलं ते सोनीला. 1995 मध्ये अमेरिकेतल्या ई3 प्रदर्शनात सेगाने आपल्या सॅटर्न या नव्या कन्सोलची किंमत 399 डॉलर सांगितली. सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर गेले, ‘299’ एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट. ब्रिटनमध्ये सोनीने आपला प्लेस्टेशन हा कन्सोल थेट नाइटक्लबांत नेऊन ठेवला. सोबतच्या वाइपआउट या शर्यतीच्या गेमला क्लबांत वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताची साथ होती. विशीतल्या माणसाला जे संगीत, जे कपडे, जी रात्र आपली वाटते, त्यात कन्सोल बेमालूम मिसळून गेला. ‘मी अजून खेळण्यांशी खेळतो’ ही लाज तिथे उरली नाही. 1999 ची त्यांची एक ब्रिटिश जाहिरात तर बघण्यासारखी आहे. वेगवेगळ्या वयांचे साधे लोक, एक-एक वाक्य कॅमेऱ्याकडे बघून बोलतात: दिवसा मी नोकरी करतो, रात्री दुसरंच आयुष्य जगतो, अशा अर्थाचं. मिनिटभराच्या जाहिरातीत गेमचं एकही दृश्य नाही. मुलांच्या जाहिरातीत हे चाललंच नसतं, त्यांना उड्या आणि स्फोट बघायचे असतात.

पुढच्याच वर्षी आलेल्या प्लेस्टेशन 2 ला तर तयार सबब सापडली. त्यात डीव्हीडी चालायची. घरात डीव्हीडी प्लेअर हवाच आहे, मग हाच घेऊ, असं म्हणत किती बाबांनी तो घरी आणला असेल देव जाणे. पंधरा कोटींहून जास्त खपला.

या काळातली एक जाहिरात मात्र कसलीच सबब देत नाही. 2002 ची एक्सबॉक्सची. रुग्णालयात एक बाई बाळंत होते आणि बाळ बंदुकीच्या गोळीसारखं खिडकीतून बाहेर उडतं. उडता उडता ते मुलगा होतं, तरुण होतं, केस पांढरे होतात, कातडी लोंबते, तो किंचाळतोय, आणि शेवटी धाडकन थेट थडग्यात. अक्षरं उमटतात: आयुष्य छोटं आहे, जास्त खेळा. ब्रिटनमध्ये तक्रारी झाल्या आणि टीव्हीवरून ती काढावी लागली. आवडो न आवडो, तिने बोट अचूक जागी ठेवलं होतं. मुलाकडे वेळच वेळ असतो आणि पैसे नसतात. मोठ्याकडे पैसे असतात, आणि वेळ हातातून चाललाय ही धास्ती. ती धास्ती दाखवून कन्सोल विकता येतो.

निन्टेंडोने त्याच धास्तीला जास्त सौम्य औषध दिलं. डीएस या छोट्या कन्सोलवर मेंदूला व्यायाम देणारे खेळ आले, युरोपात त्यांची जाहिरात अभिनेत्री निकोल किडमनने केली. वीसाठी पायाखालची फळी आली, तिच्यावर उभं राहून तोल सांभाळायचा, वजन बघायचं. 1982 ची ‘मुलं शिकतील’ ही सबब पंचवीस वर्षांनी ‘मी तंदुरुस्त राहीन’ अशी होऊन परत आली. वी दहा कोटींहून जास्त विकला गेला.

आणि 2012 मध्ये त्याच कंपनीचा पाय घसरला, तोही नेमका पैसे मोजणाऱ्याच्या बाजूला. नव्या कन्सोलचं नाव ठेवलं ‘वी यू’. जाहिरातींत सगळा भर पडदा असलेल्या कंट्रोलरवर, मूळ यंत्र जेमतेम दिसायचं. गेमच्या बातम्या रोज वाचणाऱ्या मुलाला कळलं की हे नवं आहे. पालकांना वाटलं, घरात वी आहेच, ही त्याला जोडायची वस्तू दिसते. तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी गुंतवणूकदारांसमोर हा गैरसमज बोलूनही दाखवला. विक्री एक कोटी छत्तीस लाखांच्या आसपास थांबली. आधीच्या दहा कोटींपुढे हा आकडा ठेवून बघा.

इथपर्यंतच्या जाहिराती निदान जाहिराती म्हणून ओळखू तरी येत होत्या. आता ते अवघड झालंय, आणि मुलांच्या बाबतीत मला खटकतं ते हेच. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला कार्यक्रम आणि जाहिरात वेगळी आहे एवढं कळतं, पण समोरचा आपल्याला काहीतरी विकू पाहतोय हे नीट उमगत नाही. म्हणून कॅनडाच्या क्युबेक प्रांतात तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करायला 1980 पासून बंदी आहे, स्वीडनमध्ये टीव्हीवर बारा वर्षांखालच्यांसाठी. युरोपीय संघाच्या 2005 च्या नियमांत तर ‘हे विकत घ्या’ किंवा ‘आईबाबांना घ्यायला लावा’ असं मुलांना जाहिरातीतून थेट सांगणं हेच गैर ठरवलंय. हट्टाला कायद्यात जागा मिळाली म्हणायची. पण हे सगळं जाहिरात ही जाहिरातीच्या जागी असेल तेव्हाचं. यूट्यूबवर आवडता दादा खोकं उघडून ‘काय भारी आहे’ म्हणतो, तेव्हा कुठे काय सुरू झालं आणि कुठे संपलं?

एक्सबॉक्स वन बाजारात आला तेव्हा मशिनिमा नावाच्या कंपनीने यूट्यूबवाल्यांना त्याची वाहवा करायला पैसे दिले. दोघांना मिळून 45,000 डॉलर मिळाले. पैसे घेतलेत हे बघणाऱ्याला सांगितलं गेलं नाही. फेडरल ट्रेड कमिशनने 2015 मध्ये कान उपटले. मोठ्यांनाही असंच फसवलं गेलंय: हातातल्या प्लेस्टेशन व्हिटावर मोठ्या कन्सोलचे गेम कुठूनही खेळता येतील असं दाखवणाऱ्या जाहिरातींबद्दल 2014 मध्ये सोनीच्या अमेरिकी कंपनीला ग्राहकांना भरपाई द्यावी लागली. शिवाय तिच्या जाहिरातसंस्थेतले लोक ट्विटरवर आपली ओळख न देता त्याच कन्सोलचं कौतुक करत होते.

कन्सोल घरात आल्यावर जाहिरात थांबत नाही, ती यंत्रातच राहायला येते. चालू केल्या केल्या दुकानाची पाटी, नव्या मोसमाचे पोशाख, चोवीस तासांत संपणारी सवलत. कार्ड आधीच जोडलेलं असलं की हट्ट करायचीही गरज उरत नाही, बटण दाबलं की झालं. फोर्टनाइट हा गेम चालवणाऱ्या एपिकने 2022 मध्ये 52 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्यातले 24.5 कोटी गोंधळात टाकणाऱ्या बटणांमुळे नकळत झालेल्या खरेदीसाठी होते, उरलेले मुलांच्या खासगी माहितीबाबतचा कायदा मोडल्याच्या आरोपासाठी. हट्ट करणारा आणि पैसे मोजणारा यांच्यामध्ये जो ‘नाही’ असायचा, तोच यंत्राने काढून टाकला.

आणि ज्यांनी 1985 मध्ये हट्ट केला होता, ती मुलं आता कमावती आहेत. त्यांच्यासाठी हवं असणारा आणि पैसे देणारा एकच. त्यांना सबबही लागत नाही, आठवण पुरते. 2016 मध्ये निन्टेंडोने त्या जुन्या यंत्राची तळहातावर मावेल एवढी प्रतिकृती काढली, आत तीस जुने गेम भरून. दुकानांतून ती बघता बघता संपली. एकच तक्रार सगळीकडे ऐकू आली, की कंट्रोलरची वायर फारच आखूड आहे. जेमतेम अडीच फूट. त्यात एका गेममधून दुसऱ्यात जायचं तर उठून यंत्रावरचं बटण दाबायचं. सोफ्यावर बसून खेळणं अशक्यच. मग चाळिशीतले हे लोक उशी घेऊन टीव्हीच्या अगदी पुढ्यात, जमिनीवर मांडी घालून बसले.